पणजीला येतेयस तर नदी सोडू नकोस

प्रिय सुमे,

तुझा मेसेज वाचला आणि तेव्हापासून मी नुसती घरभर नाचतेय, बावीस वर्षं मी इथे पणजीत राहतेय आणि तू आत्ता कुठे येतेयस! तेही काकूंना घेऊन. फोनवर तू म्हणालीस की दोनच रात्री आहेत, काय काय बघू ते लिहून पाठव, आणि वर कलंगुट, बागा, अंजुना अशी सगळी यादीही सांगितलीस. सुमे, मनापासून सांगते, त्या यादीतलं यावेळी काहीच करू नकोस. शनिवारी सकाळी येणार, सोमवारी संध्याकाळी जाणार, त्यात काकूंचे गुडघे, बीचवर वाळूत त्यांना चालवून काय मिळणार? त्यापेक्षा नदी धर. मांडवी. आम्ही तिलाच म्हादई पण म्हणतो. हे गाव तिच्या काठाला वसलंय आणि कळतं पण तिच्याच बाजूने.

तिकीट कोकणकन्याचं काढ आणि मडगावला न जाता करमळीला उतर. बहुतेक लोक सवयीने मडगावचं काढतात आणि मग तासभर उलटं पणजीकडे येत बसतात. करमळी स्टेशन जुन्या गोव्याच्या अगदी शेजारी आहे, पणजी तिथून दहा-बारा किलोमीटर. सप्टेंबरात पावसाळी वेळापत्रक चालू असतं, तेव्हा गाडीची वेळ नीट बघून घे. आणि टॅक्सीवाल्याला आधीच सांग की बायपासने नको, रायबंदरच्या जुन्या रस्त्याने घ्या. हा रस्ता म्हणजे 1633-34 साली पोर्तुगीजांनी बांधलेला बांध आहे गं, तीन किलोमीटरच्या वर लांब, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, मिठागरं, खारफुटी, बगळे. चारशे वर्षं होत आली आणि बसेस अजून त्याच्यावरूनच जातात. पणजीत पहिल्यांदा शिरायचं तर याच रस्त्याने, हे माझं ठाम मत आहे.

टॅक्सीचं एक सांगून ठेवते, इथे ओला-उबर नाही. गोवामाइल्सचं ॲप घेऊन ठेव, नाहीतर बसायच्या आधी भाडं ठरव. काळ्या मोटारसायकलला पिवळं मडगार्ड दिसलं की तो पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सी. तुला एकटीला कुठे पटकन जायचं असेल तर मस्त आहे, काकूंना मात्र नको.

शनिवारी दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात, तेव्हा बाजारात जाऊच नकोस, झोप काढा दोघी. पण त्याआधी नाश्ता! कॅफे ताटो किंवा कॅफे भोंसले, दोन्ही जुनी, दोन्ही माझी लाडकी. तिथे पावभाजी मागितलीस तर मुंबईची लोण्यातली येणार नाही हे काकूंना आधी सांग. इथे भाजी वेगळी मागायची, पातळ भाजी, सुकी भाजी, किंवा दोन्ही मिक्स, सोबत पाव, मिरची भजी आणि शेवटी एक बन्स, म्हणजे केळ्याची गोडसर पुरी, चहात बुडवून. रविवारी बरीच हॉटेलं बंद असतात म्हणून हे शनिवारीच उरक. जेवायला दोन दिवस मासे, आता पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून दीड-दोन महिने झालेले असतील, त्यामुळे बांगडा, इसवण म्हणजे आपली सुरमई, तिसऱ्या सगळं ताजं मिळेल. थाळीतलं किसमूर बाजूला सारू नकोस, सुक्या सुंगटांचं म्हणजे कोलंबीचं असतं आणि खरी मजा त्यातच आहे.

संध्याकाळी ऊन उतरलं की चर्चच्या चौकात या. त्या पांढऱ्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या तू फोटोत हजारदा बघितल्या असशील. काकूंना चढवू नकोस, खालूनच छान दिसतं. तिथे 1541 साली आधी छोटं प्रार्थनामंदिर होतं, मग 1619 मध्ये मोठं बांधलं. वर जी मोठी घंटा टांगलीय ना ती मुळात इथली नाही, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिन मठाची आहे, 1871 साली इथे आली. ती लक्षात ठेव, सोमवारी पुन्हा तिच्याबद्दल बोलू.

तिथून चालत नदीकडे गेलं की जुनं सचिवालय. मूळचा आदिलशहाचा वाडा, 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथे राहायला आले, मुक्तीनंतर आपली विधानसभा तिथेच भरायची, आता ती पलीकडे पर्वरीला गेली. शेजारी एक पुतळा आहे, बाईवर हात पसरून वाकलेला माणूस, काकू नक्की दचकून विचारतील की हे काय! तो आबे फारिया. कांदोळीचा, 1756 चा जन्म, पॅरिसला जाऊन संमोहनावर काम करणारा. आपल्या मातीतला माणूस एवढ्या लांब जाऊन असं काही करतो याचं मला दर वेळी कौतुक वाटतं. आणि आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे, तिच्या प्रवेशाच्या भिंतींवर निळ्या चित्रांच्या टाइल्स आहेत, पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग. लोक समोरून जातात पण आत बघत नाहीत. दार उघडं असलं तर पाच मिनिटं डोकाव.

अंधार पडला की धक्क्याच्या रस्त्यावर कॅसिनोची माणसं हातात कागद द्यायला येतील, नको म्हणून पुढे चालत रहा. नदीत ती मोठी दिवे लावलेली जहाजं उभी असतात ना, ती बघून मला अजूनही वाईट वाटतं, सासूबाईंच्या वेळी तिथे संध्याकाळी नुसतं पाणी दिसायचं. जाऊ दे, तुझी ट्रिप आहे.

रविवारी सकाळी सातला उठ. खरंच उठ. फोन्तेन्हास ही जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती बघायची तर तेव्हाच, नऊनंतर फोटोवाल्यांची गर्दी होते आणि मग नुसते एकमेकांच्या फोटोतून बाजूला होत बसायचं. आम्ही त्याच अंगाला मळा नावाच्या भागात राहतो, त्यामुळे ही आमची रोजची वाट. त्या पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, कौलांवरचे कोंबडे, आणि सात वाजता सायकलवरून पों पों करत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला. त्याला थांबव आणि गरम पोई म्हणजे इथला कोंड्याचा पाव घे, हातात धरूनच खा. एक विनंती, त्या घरांत माणसं राहतात, म्हाताऱ्या बायका एकट्या राहतात, तर कुणाच्या पायरीवर बसू नकोस, दाराला टेकून फोटो काढू नकोस, आवाज हळू ठेव. आमच्या ओळखीच्या एका आजींनी या त्रासाने पुढची खिडकीच बंद करून टाकली, मला फार लागलं ते. कुणी गॅलरीत दिसलं तर देव बरें करूं, म्हणजे इथलं धन्यवाद, म्हण आणि हसून पुढे जा, तेवढ्यावर लोक आपणहून बोलायला लागतात.

तिथे संत सेबॅस्टियनचं छोटं चॅपल आहे, उघडं असलं तर आत जा. आतला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता. येशूचे डोळे सहसा मिटलेले असतात, इथे ते उघडे आहेत. त्या वाड्यात काय काय झालं हे माहीत असल्यामुळे मी त्या डोळ्यांसमोर फार वेळ उभी राहू शकत नाही.

दुपारी जेवून आराम, आणि संध्याकाळी पाचला तुम्ही दोघींनी नदीपलीकडच्या बेती गावची फेरीबोट पकडायचीच पकडायची. जुन्या सचिवालयापासून फेरी धक्का जवळच आहे, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पायऱ्या नाहीत, सपाट उतारावरून थेट बोटीत. पलीकडे पोचायला काही मिनिटं लागतात, उतरायचं नाही झालं तर तशाच परत या. एक तासाच्या गाण्याबजावण्याच्या क्रूझपेक्षा हे कितीतरी चांगलं. मला हे सासूबाईंनी शिकवलं. शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे पार गेले होते, देवळापर्यंत चालवायचं नाही, तर मी त्यांना रिक्षाने धक्क्यावर न्यायची आणि आम्ही बेतीला जाऊन परत यायचो, कधी कधी दोनदा. त्या कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि पुलाकडे बोट दाखवून दर वेळी तीच गोष्ट सांगायच्या, की 1986 च्या जुलैमध्ये नेहरू पूल कोसळला, जेमतेम सोळा वर्षांचा पूल, आणि मग कितीतरी वर्षं पणजी आणि नदीपलीकडचा बार्देश तालुका ह्या फेरीबोटींनीच जोडून ठेवलं, भर पावसात रांगा लागायच्या, नवऱ्याचा डबा घेऊन त्या स्वतः जायच्या. आता तिथे तीन पूल आहेत, सगळ्यात उंच दोऱ्यांचा तो 2019 मधला अटल सेतू. काकूंना उजेड असताना ने म्हणजे सगळं दिसेल. त्यांना आवडेल, मला खात्री आहे.

सोमवारचा दिवस मी सगळ्यात जपून ठेवलाय. सोमवारी इथे बहुतेक हिंदू घरात शिवराक, म्हणजे मासे नाहीत, तर जेवणाची काळजी सोड, मी सकाळी डबा देते, मुगांगाठी म्हणजे मोड आलेल्या मुगांची उसळ आणि चपात्या. दिवसभराची टॅक्सी कर, सामान डिकीत टाक, आणि आधी जुनं गोवं. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असतात म्हणून मी मुद्दाम सोमवार ठेवला. बॉम जीझस चर्च 1594 ला सुरू होऊन 1605 ला झालं, बाहेरून नुसते चिरे दिसतात कारण वरचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला. आत संत फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत वर ठेवलंय, दर दहा वर्षांनी खाली आणतात, मागचं दर्शन 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत होतं. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाल. सगळी चर्चेस बघू नकोस, दोन झाली की काकू कंटाळतील. त्याऐवजी ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यापाशी जा, सेहेचाळीस मीटर उंच, अर्धा उभा अर्धा कोसळलेला. आणि आठवतं का, शनिवारी चर्चच्या चौकात जी घंटा बघितलीस ती या मनोऱ्यातली! एवढं मोठं शहर साथीच्या रोगांनी ओस पडलं, 1843 ला राजधानी रीतसर पणजीला गेली, आणि घंटासुद्धा नदीच्या काठाकाठाने तिकडे गेली. मला हे आठवलं की पणजी आणि जुनं गोवं दोन गावं वाटतच नाहीत.

मग व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की थेट दिवाडीची फेरी. गाडीसकट बोटीत चढायचं. दिवाडी म्हणजे बेट, शेतं, शांत रस्ते, मोठी जुनी घरं, सप्टेंबरात सगळं हिरवंगार. जेवणाचा भरवसा तिथे धरू नकोस म्हणून तर डबा देतेय, झाडाखाली बसून खा. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक फेरी, ती पलीकडे डिचोली तालुक्यात नार्वेला सोडते, आणि तिथे सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं दैवत हे, मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपलीकडे नेऊन वाचवलं, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्वेचं देऊळ नव्याने बांधायला लावलं. तसा शिलालेख आहे तिथे. अलीकडेच त्याची नीट दुरुस्ती पण झालीय. महाराज इथवर आले होते हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलंच नाही गं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या शिलालेखासमोर रडले होते. सोमवार, शंकराचा वार, आणि ज्या वाटेने देव गेला त्याच पाण्यावरून तुम्ही जाणार, काकूंना यापेक्षा काय हवं! फेऱ्यांच्या वेळा धक्क्यावरच विचारून घे आणि परतीला दीड तास जास्तीचा ठेव. एकदा नार्वेच्या धक्क्यावर बोट समोरून निघून गेली आणि पावसात पाऊण तास उभी होते मी, काकूंना असं उभं करू नकोस. तिथून करमळी, आणि संध्याकाळची गाडी.

बाजारातून काय न्यायचं ते सांगायचं राहिलं, सोलां म्हणजे आमसुलं घे, माडाचा गूळ घे, बेबिंका ही थरांची गोड मिठाई घे, सुकी सुंगटां डबल पिशवीत बांध नाहीतर गाडीचा सगळा डबा वासाने उठेल. दोन छत्र्या आण. घडीची नको, वाऱ्यात उलटते.

आणि येताना झोपून राहू नकोस. थिवी सुटलं की काकूंना खिडकीशी बसव, कारण त्याच्यानंतर गाडी दिवाडी बेटावरून जाते आणि मग मांडवीवरच्या पुलावर चढते. त्या पुलावर असताना मला फोन कर. मी तेव्हा करमळीच्या फलाटावर असेन.

तुझीच,
नीलू