मंत्रिमहोदय, दाखला जनावर बघूनच मिळू दे

प्रति,
मा. पशुसंगोपन मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

विषय: जनावरांच्या वाहतुकीसाठी लागणारा आरोग्य दाखला सीमाभागात बाजाराच्या दिवशी, जनावर तपासून मिळण्याबाबत.

महोदय,

मी निपाणी तालुक्यातला शेतकरी. दीड एकर ऊस, थोडा तंबाखू आणि दावणीला तीन जनावरं. आमच्याकडून महाराष्ट्रातलं कागल जवळ आणि चिकोडी लांब. पाहुणे तिकडचे, जावई तिकडचे आणि जनावरांचे बरेचसे बाजारही तिकडचेच. गडहिंग्लज, मुरगूड, वडगाव ही नावं आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ आहेत. बैल, म्हैस, शेळी काही घ्यायचं झालं की हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आलाच. त्यामुळे ज्या कागदाबद्दल लिहितोय तो आमच्या रोजच्या जगण्यातला आहे.

आधीच सांगतो, दाखल्याचा नियम रद्द करा म्हणून हे पत्र नाही. नियम हवाच. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांत म्हटलंय की जनावर प्रवासाला धड आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्याचा दाखला प्रत्येक खेपेबरोबर असला पाहिजे. तो नसेल तर गाडीवाल्यानं जनावर चढवूनच घ्यायचं नाही. त्या नियमात बुळकांडीच्या लशीचं नाव घालून लिहिलेलं होतं. आमच्या आजोबांनी बुळकांडीनं गोठे रिकामे होताना पाहिले होते. 2006 मध्ये देश त्या रोगातून मुक्त झाला, 2011 मध्ये सगळं जग. लस, नोंद आणि हालचालीवर नजर या तीन गोष्टींनी एक रोग पृथ्वीवरून घालवला, हे केवढं मोठं काम आहे! म्हणून दाखल्याची चेष्टा झालेली मला बघवत नाही.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी हद्दीपलीकडच्या एका बाजारातून दुसऱ्या वेताची म्हैस घेतली. व्यायला दीड महिना झालेला, पायाशी रेडकू. विसार देऊन झाला, सौदा ठरला, बाजार समितीची पावती फाडली. मग दाखल्याचं विचारलं. सुट्टीचा दिवस, दवाखाना बंद. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, म्हणाला, थांबा, आणतो. दहा मिनिटांत कागद आणला. त्यावर सही-शिक्का आधीच होता. ‘म्हैस, रंग काळा, वय चार’ एवढं त्यानं माझ्यासमोर पेनानं भरलं. कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकाची जागा कोरी. दोनशे रुपये घेतले. मी ते दिले, ही माझी चूक. तेव्हा दुपार झाली होती, पिकअपवाला घाई करत होता आणि मला घरी पोचायचं होतं.

नाक्यावर गाडी अडवली. कागदावर बिल्ला क्रमांक नाही म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला होता, त्यावर बारा आकडे होते. मी म्हटलं, साहेब, हा नंबर बघा आणि लिहून घ्या. ते म्हणाले, आम्हाला लिहायचा अधिकार नाही. चार तास गाडी उन्हात उभी. सकाळची धार चुकलेली, कास दगडासारखी टणक झालेली, आचळांतून दूध आपोआप ठिबकत होतं. रेडकू दोन हातांवर बांधलेलं, ते ओरडत होतं आणि म्हैस मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत होती. शेजारच्या टपरीवरून दोन बादल्या पाणी मिळालं, तेवढंच तिच्या पोटात गेलं. शेवटी कुणीतरी कुणालातरी फोन केला आणि आम्हाला सोडलं. या चार तासांत एकानंही म्हशीचं तोंड उघडून बघितलं नाही, की खुरं बघितली नाहीत. सगळ्यांनी बघितला तो फक्त कागद.

तिसऱ्या दिवशी तिनं वैरण टाकली. संध्याकाळी तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, चपचप आवाज, जिभेवर फोड. लाळ्या-खुरकूत. आठवड्याभरात आमची जुनी गाय, मग शेजाऱ्याचा बैल, मग गल्लीतली आणखी जनावरं. लशीच्या त्या फेरीत गाय गाभण होती म्हणून मीच टोचून घ्यायला नको म्हटलं होतं, तेही भोवलं. बायकोनं पंधरा दिवस तुरटीच्या पाण्यानं जनावरांची तोंडं धुतली आणि खुरांतल्या जखमा साफ केल्या. रेडकू गेलं. म्हैस जगली, पण दूध परत चढलं नाही. ज्या कागदावर ‘संसर्गजन्य रोग नाही’ असं छापलं होतं, तो अजून माझ्या ट्रंकेत आहे.

खोटा दाखला दाखला नसण्यापेक्षा वाईट असतो, असं मला तेव्हापासून वाटतं. दाखला नसेल तर निदान शेतकरी सावध राहतो, नवीन जनावर पंधरा-वीस दिवस वेगळं बांधतो. हातात सही-शिक्का असला की आम्ही ते थेट दावणीला नेऊन बांधतो.

आपल्या खात्यातल्या डॉक्टरांना दोष द्यायला मी बसलेलो नाही. एकेका दवाखान्याकडे किती गावं असतात ते आम्ही डोळ्यांनी बघतो. लशीची फेरी, कृत्रिम रेतन, अडलेली गाय, शवविच्छेदन, वर मोबाइलवर नोंदी भरणं. त्यात आठवडी बाजार रविवारी असला तर त्या दिवशी तिथं कोण असणार? खाजगी माणूस दोनशे रुपयांत सही विकतो, कारण त्या दिवशी खरी सही मिळतच नाही.

म्हणून पहिली मागणी: बेळगाव जिल्ह्यात जिथं जिथं जनावरांचा बाजार भरतो, तिथं बाजार सुरू व्हायच्या आधीपासून तो उठेपर्यंत एक पशुवैद्य आणि एक मदतनीस बसू दे. 1962 वर फोन केला की येणारी फिरत्या दवाखान्याची गाडी आपल्याकडे आहेच. ती बाजाराच्या दिवशी बाजारात उभी करा. डॉक्टरनं तोंड बघावं, खुरं बघावीत, ताप मोजावा, बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर घालून लस कधी झाली ते बघावं आणि मगच सही करावी. बिल्ला क्रमांक नसलेला दाखला नाक्यावर येण्याआधी बाजाराच्या दारातच बाद व्हावा.

ही बारा आकड्यांची नोंद साऱ्या देशाची एकच आहे. 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपाताच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून याच बिल्ल्यावर टोचणीची नोंद होत आली आहे. म्हशीचा बिल्ला कोल्हापूर जिल्ह्यात मारलेला असला तरी तिची लस निपाणीत बसून बघता यायला हवी. तेव्हा महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन मंत्र्यांशी आपण एकदा बोलावं. आमच्या सीमेचा वाद कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. विषाणूला हद्द नसते हे दोन्ही सरकारांनी 2022 मध्ये बघितलंय. लम्पी आला तेव्हा दोन्हीकडचे बाजार बंद पडले आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत खात्याची माणसं गावोगाव फिरली. तेव्हा जी धावपळ झाली, तिच्या निम्मी जरी आधी केली तरी पुष्कळ.

ऊसतोडीचंही तसंच. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि त्यांचे बैल ट्रकमधून येतात. एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नकोत, तळाला पाय न घसरणारी काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, हे नियमात आहे. प्रत्यक्षात काय येतं ते हमरस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. पण कोणती टोळी कोणत्या कारखान्याला येणार हे उचल दिली तेव्हाच, म्हणजे कितीतरी महिने आधी ठरलेलं असतं. ती यादी कारखान्यांकडून आत्ताच मागवून घ्या. बैल गाव सोडायच्या महिनाभर आधी तिकडेच टोचून झाले, तर आपल्या फडांत रोग उतरणार नाही आणि त्या बिचाऱ्यांची नाक्यावर रखडपट्टीही होणार नाही. बैल आजारी पडला की त्या कुटुंबाचा अख्खा हंगाम बुडतो.

धनगरांबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. चिकोडी, रायबाग भागातले मेंढके मेंढरं घेऊन पायी हद्द ओलांडतात. पायी नेण्याच्या 2001 च्या नियमांप्रमाणे पाच किलोमीटर किंवा त्याहून लांब जायचं तर प्रत्येक जनावराचा दाखला लागतो. दोनशे मेंढरांचे दोनशे दाखले कोण लिहिणार आणि कोण तपासणार? निघायच्या आधी मेंढरांच्या वाड्यावर जाऊन पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस द्या आणि अख्ख्या कळपाचा मिळून एकच दाखला द्या. नियमात बदल लागत असेल तर केंद्राला तसं लिहा.

आणि भाषा. आपल्या खात्याचा दाखला कन्नडमध्ये असला तर असू दे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या जनावराचा दाखला आहे त्याला तो वाचता आला पाहिजे. जिथं पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त लोक अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेलंच धोरण आहे. मला त्या दिवशी कागदावर ‘ही जागा कोरी ठेवू नये’ एवढं जरी वाचायला मिळालं असतं, तर मी तो कागद घेतला नसता.

नाक्यावर मात्र एक सोय ताबडतोब करता येईल. संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्यानं तपासणी नाके आणि विलगीकरणाच्या जागा उभारायचा अधिकार सरकारला दिलाय. एक छप्पर, पाण्याची टाकी, उतरवायला धक्का आणि एक पशुवैद्य. कागदात चूक असेल तर जनावर सावलीत उतरवा, पाणी पाजा, धार काढू द्या, तपासा, आणि धड असेल तर तिथंच दाखला द्या. आजारी असेल तर ठेवून घ्या. मालक रडेल, भांडेल, तरी ठेवून घ्या. माझी म्हैस त्या दिवशी ठेवून घेतली असती तर आमच्या गल्लीतली जनावरं वाचली असती.

दिवाळीनंतर मला पुन्हा एक म्हैस घ्यायची आहे. गाय आटत आलीय आणि घरात नातवंडं आहेत. आमच्या जवळच्या बाजारात त्या दिवशी डॉक्टर असेल की नाही, एवढं आपल्या खात्यानं तालुक्याच्या दवाखान्याच्या फळ्यावर आधी लिहून लावावं, ही विनंती.

आपला,
निपाणी तालुक्यातला एक पशुपालक