"बँकेची सही कुठंय?"

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाल्यावर तुम्ही सहमतीच्या घटस्फोटाचे आमचे मसुदे एक पैसाही न घेता तपासून दिलेत. त्याबद्दल आम्हा वकील आणि समुपदेशकांचं हे आभारपत्र. "यापुढील गृहकर्जाचे सर्व हप्ते पती भरतील" या ओळीखाली तुमची लाल रेघ असायची आणि समासात तीन शब्द: "बँकेची सही कुठंय?"

ही ओळ जवळपास प्रत्येक मसुद्यात असते आणि बँकेच्या लेखी तिची किंमत शून्य. न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा नवराबायकोला बांधतो; बँक त्या प्रकरणात पक्षकारच नसते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ सांगतं की एकत्र वचन दिलेल्यांपैकी कुणा एकाकडूनही सगळं येणं मागता येतं. दोघांच्या नावावरचं कर्ज ३० लाख उरलं असेल, तर "पंधरा तुझे, पंधरा माझे" हा झाला घरातला हिशेब. बँक तीसच्या तीस लाख एकट्या बायकोकडूनही मागू शकते. तिनं भरल्यावर त्याचा वाटा त्याच्याकडून वसूल करायचा, तोही वेगळा दावा लावून.

पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमधले (सहमतीच्या घटस्फोटाचे न्यायालयातले दोन टप्पे) सहा महिने बँकेच्या कामासाठी वापरायचे, हे तुम्हीच आमच्या गळी उतरवलंत. आधी सहकर्जदाराचं नाव कमी करण्याचा अर्ज, दोघांच्या सह्यांनी. मग जो कर्जात राहणार त्याची पगारपत्रकं, आयकर विवरणं बँक नव्यानं तपासते. प्रकरण अडतं ते इथंच, कारण मुळात कर्ज मंजूर झालं तेच दोन पगार धरून. एका पगारात हप्ता बसत नसेल तर मुद्दल थोडं फेडायचं, वडील किंवा भावाला सहकर्जदार म्हणून घ्यायचं, किंवा कर्ज एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेत न्यायचं. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नाही, हे कित्येक पक्षकारांना माहीतच नसतं. यातलं काहीच जमलं नाही तर घर विकायचं.

सगळ्यात वाईट चूक क्रमाची. बायको घरावरचा हक्क सोडल्याचं हक्कसोडपत्र नोंदवून मोकळी होते आणि कर्जाच्या कागदावर नाव तसंच राहतं. घर गेलं, कर्ज उरलं! म्हणून बँकेची लेखी संमती आधी, दस्त नंतर आणि एकट्याच्या नावाचा नवा कर्जकरार त्याच्यासोबतच. मुद्रांकाचा मुद्दाही तुमचाच. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र पती-पत्नीत केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. हुकूमनामा झाला की नातं संपतं आणि सवलतही. त्या दस्तात मोबदल्याचा शब्दही येऊ द्यायचा नाही, नाहीतर ते बक्षीसपत्रच राहत नाही.

जोडखात्याचं थोडक्यात. खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीनं चालणारं) असेल तर व्यवहार थांबवायला एकाचं पत्र पुरतं. पोचेवर शिक्का आणि तारीख घ्यायची. त्यानंतर दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत. पण त्याआधी कर्जाच्या हप्त्याचं ऑटो-डेबिट दुसऱ्या खात्यावर वळवलेलं हवं. घाईत आधी खातं गोठवलं की हप्ता बाउन्स होतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग दोघांच्याही नावावर लागतो. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की कर्ज एनपीए, म्हणजे बुडीताकडे झुकलेलं. ओव्हरड्राफ्ट असेल तर मर्यादाही त्याच पत्रात बंद करून घ्यायची. आधी उचललेली रक्कम कुणीही काढली असो, देणं दोघांचं.

चेकचा नियम मात्र उलटा आहे आणि त्यावर आमचा फार गोंधळ व्हायचा. जोडखात्याचा चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा खटला सही करणाऱ्यावरच चालतो, नुसत्या सहखातेदारावर नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे २०१३ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे "मी सहीच केली नव्हती" हा बचाव चेकला चालतो. कर्जाला कसा चालणार? तिथं सही असतेच.

बँक ऐकतच नाही, अशा वेळी तुम्ही सुचवलेलं कलम आता आमच्या प्रत्येक मसुद्यात असतं: हप्ता भरणाऱ्यानं दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत पावती पाठवायची, चुकला तर दुसऱ्यानं हप्ता भरून व्याजासह वसुली मागायची, आणि ती त्याच हुकूमनाम्याच्या दरखास्तीत, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जात. बँकेपुढे या कलमाचा उपयोग नाही, पण थकबाकी तीन महिन्यांनी कळण्याऐवजी अकरा तारखेला कळते.

या शनिवारी आणखी दोन मसुदे पाठवत आहोत. दोन्हींना बँकेचं संमतीपत्र जोडलं आहे. तरी लाल पेन जवळ ठेवा.

आपले कृतज्ञ,
कुटुंब न्यायालयातले आम्ही सगळे