लसीच्या दिवशी वजनाबरोबर वाढीचे टप्पेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लसीकरणाच्या दिवशी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत बाळाचे वजन होते, लस टोचली जाते, तापाच्या औषधाच्या सूचना मिळतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावर पुढची तारीख पडते. त्याच कार्डात वाढीच्या टप्प्यांची चित्रे असलेले पान आहे: बाळ कधी हसते, मान कधी धरते, बसते कधी, बोट कधी दाखवते. अनेक कार्डांत ते पान कोरेच राहते. ते भरायला पाच मिनिटे पुरतात आणि बाळ तर समोरच असते. ती पाच मिनिटे का द्यायची आणि त्यात नेमके काय बघायचे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी एक खुलासा. वाढीचे टप्पे ही शर्यत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाळे आधाराशिवाय बसू लागली ती साधारण ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान. आधाराशिवाय चालू लागली ती ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. शंभरातली चारेक बाळे हाता-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. त्यामुळे शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या घरी चिंता नको. पण ९ महिने पूर्ण होऊनही बाळ बसत नसेल किंवा दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, तर ‘याचा बापही उशिराच चालला होता’ हे उत्तर पुरेसे नाही.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा हिशेब वेगळा. ३२व्या आठवड्यात जन्मलेले बाळ दोन महिने आधी आले, म्हणून सहाव्या महिन्यात त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा ठेवायची. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करायची, मात्र लसीला ती लागू नाही; लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासलाच पाहिजे. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, आणि आत पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळ गेली की नजर परत आणता येत नाही.

आता लसीच्या तारखा घेऊ. पहिला थांबा सहा आठवड्यांचा. बाळ जागे आणि पोट भरलेले असताना आपला चेहरा त्याच्यापासून एक-सव्वा वीत अंतरावर धरून बोलावे. दुसरा महिना संपेपर्यंत बाळ चेहरा बघून हसायला हवे. झोपेतले हसू यात धरायचे नाही. चेहरा हळूच बाजूला नेला तर नजर मागे यायला हवी. डोळ्याच्या बाहुलीच्या मधोमध पांढरी चकाकी दिसली, किंवा मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरा ठिपका दिसला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, डोळ्यातली गाठही असू शकते.

चौदाव्या आठवड्याच्या लसीला मान बघावी. चार महिने भरत आले तरी बाळाला उभे धरल्यावर मान लटकत असेल, तर नोंद करून दाखवावे. मुठी बघाव्यात. नवजात बाळाच्या मुठी वळलेल्याच असतात, पण चौथ्या महिन्यातही अंगठा आत घालून मूठ घट्ट राहत असेल तर ते बरे नाही. लंगोट बांधताना मांड्या उघडत नाहीत, उचलले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, या गोष्टी आईला रोज जाणवतात, पण कुणी विचारल्याशिवाय ती सांगत नाही. इथे घराघरात होणारी एक गफलत सांगायलाच हवी. तीन-चार महिन्यांचे बाळ मांडीवर उभे धरताच पाय ताठ करून चवड्यांवर उभे राहते आणि सगळे म्हणतात, ‘पायात केवढी ताकद!’ पाय मऊपणे वाकत-सरळ होत असतील तर काळजी नाही. पण प्रत्येक वेळी टाच न टेकता, गुडघे न वाकवता अंग काठीसारखे ताठत असेल, तर ती ताकद नसून स्नायूंचा ताठरपणा असू शकतो. एकच हात वापरण्याचेही तसेच. वर्षाच्या आत बाळ डावरे किंवा उजवे ठरत नसते. ते सतत एकाच हाताने खुळखुळा घेत असेल, तर दुसरा हात का मागे राहतो ते बघायला हवे.

यानंतरची लस थेट नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाची. मधल्या साडेपाच महिन्यांत एक आजार असा येतो की त्यासाठी पुढच्या तारखेची वाट बघणे परवडत नाही. त्याला डॉक्टर इन्फंटाइल स्पाझम म्हणतात, म्हणजे बाळांतली एक प्रकारची आकडी. बहुधा तिसऱ्या ते आठव्या महिन्यात तो सुरू होतो. बाळ झोपेतून उठते आणि मान एकदम पुढे झुकते, दोन्ही हात झटक्यात वर किंवा बाजूला जातात, पाय पोटाशी येतात. एक-दोन सेकंदांत अंग सैल पडते. काही सेकंद जातात आणि पुन्हा तेच. अशी मालिका काही मिनिटे चालते, मग बाळ रडते. रडते म्हणून पोट दुखतेय असे समजून हिंग लावला जातो, दचकते म्हणून दृष्ट काढली जाते. फरक असा ओळखावा: दचकायला काहीतरी आवाज किंवा हिसका लागतो आणि ते एकदाच होते. पोटदुखीत बाळ सलग रडत, सलग आखडून राहते. स्पाझममध्ये तोच झटका, तसाच, थांबून थांबून परत येतो. त्याच सुमारास बाळ हसायचे कमी होते, नजर देत नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ शांत झालेले असते, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढावा: उजेड असावा, अंगावरचे पांघरूण काढावे, डोक्यापासून पायापर्यंत बाळ दिसावे, एक झटका टिपून न थांबता पूर्ण मालिका टिपावी. तो व्हिडिओ घेऊन त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठावा. ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढून निदान होते आणि औषधे आहेत. उशिराचा प्रत्येक आठवडा मेंदूला महागात पडतो.

नवव्या महिन्यात बसणे बघावे, वस्तू या हातातून त्या हातात जाते का ते बघावे, आणि त्याहून जास्त ऐकणे बघावे. घरी ऐकण्याची परीक्षा पाठीमागे ताट वाजवून घेतात. ती फसवी आहे. ताटाची थरथर जमिनीतून कळते, हातांची सावली दिसते, आजूबाजूच्यांची तोंडे फिरतात, आणि न ऐकणारे बाळही वळते. ऐकू न येणारे बाळ सुरुवातीला हुंकारही देते. सहा महिन्यांनंतर मात्र ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड वाढण्याऐवजी आटत जाते. खरी तपासणी ओएई या यंत्राची. बाळ झोपलेले असताना कानात छोटी कळी ठेवतात, काही मिनिटांत होते, टोचणे नाही. ती पहिल्या महिन्यात व्हावी, शंका उरली तर बेरा (आवाजाचा संदेश कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी चाचणी) करून तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र लागावे, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. जन्मल्यावर काविळीसाठी रक्त बदलावे लागलेले, मेंदूज्वर झालेले किंवा अतिदक्षता विभागात राहिलेले बाळ असेल, तर घरी ऐकू येतेसे वाटले तरी बेरा करावीच.

त्यानंतरची लस १६ ते २४ महिन्यांत, आणि तिच्यापुढची पाचव्या वर्षी. म्हणजे ज्या काळात बोट दाखवणे, शब्द, चालणे, खेळात दुसऱ्याला सामील करून घेणे हे सगळे यायचे, नेमक्या त्याच काळात बाळ आरोग्य कर्मचाऱ्यासमोर सगळ्यात कमी येते. ही फट भरायला सोय आहे. आशाताईंच्या गृहभेटी ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात ठरलेल्या आहेत, अ जीवनसत्त्वाचा डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचे असते. या भेटींना एकच प्रश्न जोडला तरी खूप होईल: बाळ बोट दाखवते का?

हा प्रश्न नीट विचारावा लागतो. दोन प्रकारचे दाखवणे असते. एक हवे म्हणून, दुसरे नुसते दाखवायचे म्हणून: झाडावरची चिमणी, रंकाळा तलावावरचे फुगे, आणि लगेच आईकडे बघणे, ‘तुलाही दिसले ना?’ दीड वर्षाच्या आसपास हे दुसरे दाखवणे नसेल, नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा स्वतः बोट न दाखवता आईचा हात एखाद्या वस्तूसारखा धरून डब्यापर्यंत नेत असेल, तर स्वमग्नतेच्या (ऑटिझम) दृष्टीने तपासणी हवी. वर्षाला एकही खूण नाही (टाटा नाही, ‘दे’ म्हणून हात पुढे नाही), १६व्या महिन्यात एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांत ‘दूध दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द जोडणे नाही, ही दाखवायला नेण्याची कारणे आहेत. ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ किंवा ‘जीभ चिकटलीय’ ही थांबून राहण्याची कारणे नाहीत. जीभ चिकटल्याने काही उच्चार अडतील, पण समजणे आणि बोट दाखवणे अडत नाही. आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाइल देऊ नये. घास भरवतानाही नको, कारण बोलणे समोरच्या माणसाशी देवघेव करूनच येते. वॉकरही घरात नको. त्याने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

आलेली गोष्ट गेली, तर मात्र वय बघत बसू नये. बोलत होते ते थांबले, बसत होते ते कोलमडू लागले, हसत होते ते शून्यात बघू लागले, की लगेच डॉक्टर. यातले एक कारण आपल्याकडे आहे आणि वेळीच ओळखले तर उपचाराने बरे होणारे आहे. आई शाकाहारी, तिच्या आहारात दूधही बेताचे, बाळ आठ-दहा महिन्यांचे होऊनही केवळ अंगावर पीत असलेले. असे बाळ फिकट, सुस्त होते, केस विरळ तांबूस होतात, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, शिकलेले विसरते, पुढे हात-मान थरथरू लागते. अंगाने बाळसेदार दिसते म्हणून कुणाला शंका येत नाही. हा बी-१२चा अभाव. रक्ततपासणी करून इंजेक्शने सुरू केली की काही दिवसांत बाळ हसू लागते. उपचार आईलाही हवा. जितका उशीर, तितकी मेंदूची भरपाई अपुरी. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न आणि आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे सरकारी सिरप चुकवू नये, तेही याच कारणाने. लोह कमी पडले तरी मूल मंदावते.

तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. त्रिवेंद्रम तक्ता म्हणून १७ बाबींचा एक कागद मिळतो. बाळाच्या वयाच्या रेषेवर पेन्सिल उभी ठेवायची. तिच्या डावीकडची एखादी गोष्ट बाळाला येत नसेल तर पुढे पाठवायचे. पाच ते सात मिनिटांचे काम. पुढची सविस्तर चाचणी तज्ज्ञ करतात. त्यासाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर प्रमाणित केलेली डीएएसआयआय आहे, अडीच वर्षांपर्यंत चालते. पालकांनी अंगणवाडीतून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याचा आग्रह धरावा, किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले पुढचे उपचार मोफत आहेत. जाताना माता-बाल कार्ड, जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि मोबाइलमधले व्हिडिओ बरोबर न्यावेत. निदानाचे नाव पक्के व्हायला महिने लागू शकतात, व्यायाम आणि वाचाउपचार तोवर थांबवायचे नसतात.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या आरोग्य विभागांकडे आमच्या दोन मागण्या आहेत. लसीकरण सत्रात वाढीच्या टप्प्यांचे पान भरल्याशिवाय पुढची तारीख टाकू नये, आणि सत्राच्या अहवालात किती पाने भरली याचा रकाना असावा. दुसरी मागणी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी. गळीत हंगामात ही कुटुंबे महिनोन्‌महिने कागल, शिरोळ, करवीर, राधानगरीच्या फडांवर असतात. गावाकडच्या अंगणवाडीत मूल ‘स्थलांतरित’ आणि इथल्या अंगणवाडीच्या पटावर नाहीच. त्यात सहा महिने गेले म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा चौथा हिस्सा गेला. बाल स्वास्थ्य पथकाने हंगामाच्या पहिल्या महिन्यातच कारखान्यांच्या शेतकी विभागाकडून टोळ्यांची यादी घ्यावी आणि खोपीवर जाऊन तपासणी करावी. वेळ पहाटेची किंवा दुपारची ठेवू नये, तेव्हा आई फडात असते. संध्याकाळी जावे.

आपले,
बालविकास व पुनर्वसन क्षेत्रात काम करणारे,
कोल्हापूर