मायलेजच्या गाडीत आधी चाकं पाहा, मग इंजिन

महोदय,

मायलेज स्पर्धेसाठी गाड्या बांधणाऱ्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. ‘एका लिटरमध्ये इतके किलोमीटर’ हा आकडा मथळ्यात असतो. गाडीचं वजन, सरासरी वेग आणि इंधनाचा प्रकार मात्र बातमीत कुठेच सापडत नाही. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या ‘पॅक-कार 2’ने 2005 साली फ्रान्समध्ये लिटरला 5,385 किमीचा विक्रम केला, पण ती गाडी हायड्रोजनच्या फ्युएल सेलवर (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या संचावर) चालत होती आणि तो आकडा पेट्रोलच्या हिशेबात बदलून काढलेला होता. आपल्या मुलांच्या पेट्रोल गाडीची त्याच्याशी तुलना करणं अन्यायाचं आहे.

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. शेल इको-मॅरेथॉनसारख्या, कमीत कमी इंधनात ठरलेलं अंतर कापायच्या स्पर्धेत उतरणाऱ्या बहुतेक चमूंचा पैसा आणि वेळ इंजिनावर आणि कार्बन फायबरच्या कवचावर जातो, आणि घोडं पेंड खातं ते चाकांपाशी. साधा हिशेब करून पाहू. तीन चाकी प्रोटोटाइप गाडी, चालकासह वजन 100 किलो, वेग ताशी 25 किमी. चांगले टायर असतील तर त्यांची ओढ, म्हणजे गाडीला मागे खेचणारा रोध, सुमारे अडीच न्यूटन आणि हवेची दीडेक. एकूण 4 न्यूटन, म्हणजे 400 ग्रॅम वजन उचलायला लागेल तेवढाच जोर. इंजिन 20 टक्के कार्यक्षम धरलं तर लिटरला 1,600 किमी निघतात. आता एका डिस्कला ब्रेक पॅड किंचित घासतोय आणि त्याने फक्त 1 न्यूटन ओढ वाढवली असं धरा. आकडा लगेच 1,280 वर येतो. उलट इंजिन 20 वरून 22 टक्क्यांवर न्यायला वर्ष खर्ची पडतं आणि हाती लागते ती 10 टक्के वाढ.

ही ओढ मोजायला डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, लागत नाही. गुळगुळीत फरशीचा लांब हॉल, टेप आणि स्टॉपवॉच पुरे. चालक बसवून गाडी ताशी 5 किमीने सोडून द्यायची. वरच्या गाडीसारखी असेल तर ती 38 मीटरच्या आसपास जाऊन 55 सेकंदांनी थांबते. 28 मीटरवर, 40 सेकंदांत थांबली तर कुठेतरी एक न्यूटन गळतोय हे नक्की. चाचणी दोन्ही दिशांनी करणं मात्र अत्यावश्यक. 400 मीटरला 1 मीटर एवढा उतार डोळ्यांना दिसतही नाही, पण तेवढा उतार टायरची सगळी ओढ भरून काढतो. एकाच दिशेने मोजणारे चमू त्या उतारालाच आपली कामगिरी समजून बसतात.

गळती शोधताना पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा तिरकेपणा, सर्वांत आधी बघावा. टो तपासायचा तो चालक आत बसवून, कारण हलकी चौकट वजनाखाली वाकते आणि रिकाम्या गाडीत सरळ असलेली चाकं चालक बसला की तिरकी होतात. आसाच्या उंचीवर दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने घ्यावं. 16 इंची रिमच्या चाकात 8 मिमीचा फरक आला तर प्रत्येक चाक साधारण अर्धा अंश वाकडं आहे. तिरकेपणा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, त्यामुळे फरक 1 मिमीपर्यंत आणायची मेहनत वाया जात नाही. नव्या बेअरिंगचं रबरी सील आणि आतलं घट्ट ग्रीसही अशा गाडीला जड जातं. सील काढून, ग्रीस रॉकेलने धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब सोडावेत. बेअरिंग फार टिकणार नाही, पण स्पर्धेपुरतं चालतं.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मोह आवरावा. घासू नयेत म्हणून पॅड फार मागे घेतले की तपासणीत फसगत होते. 20 टक्के उतारावर चालकासह गाडी उभी करतात आणि पुढचा ब्रेक एकट्याने, मग मागचा एकट्याने तिला धरून ठेवतो का ते पाहतात. डिस्क वाकडी असली तर पॅड कुठेही ठेवा, एका जागी घासणार आणि दुसऱ्या जागी सुटणार. आधी डिस्क सरळ करावी.

इंजिनासाठी एवढंच सांगू: ते सलग कमी ताकदीवर चालवू नये. थोडा वेळ जवळपास पूर्ण लोडवर चालवून बंद करावं आणि गाडी घरंगळू द्यावी. मध्ये इंजिन गार पडून पुन्हा जास्त पेट्रोल मागतं, म्हणून सिलिंडरवर उष्णतारोधक आवरण हवं. सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप जुळणारा क्लच, प्रत्येक वेळी घसरून इंधनाची नुसती उष्णता करतो, तेव्हा त्याच्या जागी हाताने जोडायचा-सोडायचा क्लच बरा.

राहिलं मोजमाप. फेरीनंतर टाकी पुन्हा भरायला लागलेलं पेट्रोल म्हणजे खर्च. अशा गाडीला 16 किमीसाठी फक्त 10 मिली पेट्रोल लागतं. इंधनाच्या नळीत राहिलेला अर्ध्या मिलीचा हवेचा बुडबुडा फेरीत निघून गेला की तेवढं पेट्रोल खर्चात धरलं जातं; म्हणून नळी पारदर्शक आणि शक्य तितकी आखूड ठेवावी. तापमान तर आणखी फसवं. पेट्रोल 10 अंशांनी तापलं की सुमारे 1 टक्का फुगतं, आणि ते टाकीतलं सगळं फुगतं, वापरलेलं नव्हे. 100 मिलीच्या टाकीत ही चूक जवळपास 1 मिलीची, म्हणजे खर्चाच्या दहाव्या हिश्शाची. 30 मिलीच्या टाकीत तिच्या एक तृतीयांशाहूनही कमी. आयोजक तापमानाची दुरुस्ती करतात, तरीही फेरीला पुरेल ती लहानात लहान टाकी घ्यावी आणि इंजिनाच्या धगीपासून दूर बसवावी.

प्रायोजकांना आणि महाविद्यालयांना एक विनंती. निधी मंजूर करताना थ्रीडी चित्रं मागण्यापेक्षा दोन्ही दिशांनी घरंगळवलेल्या गाडीची अंतरं आणि वेळा मागाव्यात, त्याही स्पर्धेच्या किमान महिनाभर आधी, म्हणजे चौकट कापून पुन्हा वेल्ड करायला वेळ उरतो.

– यंत्र अभियांत्रिकी कार्यशाळेतील मार्गदर्शक, पुणे