सत्कार नाकारणाऱ्या मुलाला, ग्रंथालयातल्या काकीकडून

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

समितीने तुझा सत्कार करायचं ठरवलं होतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि अध्यक्षांचं भाषण. भाषणाचं नाव काढताच तू कोकणकन्येचं तिकीट दाखवलंस आणि मोकळा झालास. "नाव कुठे घालू नको" असंही बजावून गेलास, म्हणून घालत नाही. पण आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आता ते चारचौघांत मानते. वाचणाऱ्यांत दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल असतील तर त्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून तू काय काय केलंस ते सविस्तर लिहिते. तांत्रिक तपशील माझ्या वहीतून उतरवलेत. चुकलं असेल तर कळव.

गणपतीत तू आईसाठी पुस्तकं बदलायला आलास तेव्हा आमची देवघेव परत हाताने रजिस्टरवर चालली होती. 'कोहा', म्हणजे आमचा कॅटलॉग आणि देवघेव सांभाळणारी संगणक प्रणाली, उघडत होतं, शोध चालत होता, पण नवी नोंद घ्यायला गेलं की चूक दाखवायचं. डिस्क भरली आहे एवढं आम्हाला समजलं होतं. त्यावर फोनवरून सल्ले आलेच होते. एकाने सांगितलं, फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाका, बॅकअप आहेच की. दुसऱ्याने सांगितलं, डेटाबेसच्या फोल्डरमधली सगळ्यात मोठी फाइल उडवा, जागा होईल. ते ऐकून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या. ती मोठी फाइल म्हणजेच आमचा कॅटलॉग, हे तू नंतर सांगितलंस. त्या वेळी फक्त एवढंच बोललास, "काकी, घाबरू नको. काय जावक नाय. पण आता कोणाक हात लावूक देव नको."

आणि तू स्वतःही हात लावला नाहीस. आधी खिशातला पेन ड्राइव्ह काढलास, चालू डेटाबेसची एक प्रत त्यावर घेतलीस, ती उघडून पाहिलीस, मग खुर्ची पुढे ओढलीस. बरेच जण खुर्ची आधी ओढतात.

त्यानंतर तू बाहेरची हार्ड डिस्क बघितलीस. बसवून देणाऱ्यांनी सांगितलं होतं की रोज साडेअकराला आपोआप बॅकअप होतो, आणि फोल्डर उघडला की रोजच्या तारखेची फाइल दिसायचीही. तू तारखांकडे पाहिलं नाहीस, आकाराच्या रकान्यावर बोट ठेवलंस. प्रत्येक फाइल २० बाइट. सगळ्याच्या सगळ्या, वीस. "रिकामी जीझिप फाइल नेमकी एवढीच भरते," म्हणालास. आतमध्ये काहीही नाही, नुसतं वेष्टन.

हे असं का होतं, ते तू ज्या शांतपणे समजावलंस त्याचं मला अजून अप्रूप आहे. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, एक प्रोग्राम डेटाबेसमधून मजकूर काढतो आणि पुढच्या प्रोग्रामच्या हाती देतो, दुसरा तो दाबून छोटा करून फाइलमध्ये भरतो. पहिल्याला पासवर्ड मिळाला नाही, तो दारातूनच परत आला. दुसऱ्याला त्याचं काय? त्याच्या हाती काहीच आलं नाही, ते 'काहीच नाही' त्याने व्यवस्थित बांधलं आणि काम झाल्याची पावती दिली. लिनक्स, म्हणजे आमच्या मशीनची कार्यप्रणाली, अशा साखळीत शेवटच्याची पावती धरतो. पासवर्डची फाइल बसवून देणाऱ्याच्या खात्यात होती, त्यामुळे त्याने हाताने चालवून बघितलं तेव्हा सगळं सुरळीत झालं. रोज साडेअकराला मात्र ती स्क्रिप्ट क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सोडणारा प्रोग्राम, चालवायचा, तोही रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकखात्याच्या नावाने, आणि रूटच्या घरात ती फाइल नव्हती. मी त्या माणसाला चार शब्द सुनावणार होते. तू म्हणालास, यात भलेभले फसतात, आणि विषय बदललास.

कॉम्प्युटर मात्र गप्प बसला नव्हता म्हणे. क्रॉनच्या कामात काही गडबड झाली की तो त्याचं पत्र मेलने पाठवायला बघतो. आमच्या मशीनवर मेलची सोयच बसवलेली नव्हती. लॉगमध्ये तू ती ओळ शोधून दाखवलीस: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. म्हणजे तक्रार लिहिली जात होती, टपालपेटी नाही म्हणून फेकून दिली जात होती, आणि फेकल्याची नोंद तेवढी ठेवली जात होती. सरकारी कारभार पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

आता डिस्क का भरली, ते कोडं. तू दोन आज्ञा दिल्यास. डीएफ म्हणाला, डिस्क शंभर टक्के भरली. डीयूने एकेका फोल्डरची बेरीज केली तर ती निम्म्याच्या आसपास. दोघेही खोटं बोलत नाहीत, असं तू म्हणालास, आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाहीस. डिलीट केलेली एखादी फाइल कुठल्या प्रोग्रामने धरून ठेवली असेल तर असं होतं, ते तपासलंस. तसं नव्हतं.

मग तू जे विचारलंस त्यासाठीच खरं तर हे पत्र. बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपच्या तारखा तू कागदावर उतरवल्या होत्यास, आणि मधल्या काही तारखा गायब होत्या. "काकी, या दिवशी लाइट गेली होती का गो?" मी वाचकांच्या हजेरीचं रजिस्टर काढलं. त्यात शेऱ्याच्या रकान्यात मी 'वीज नाही, वाचनकक्ष लवकर बंद' असं लिहून ठेवते, सवयीने. पावसाळ्यात आपल्याकडे असे शेरे कमी नसतात. एक तारीख जुळली, दुसरी जुळली, मग तू रजिस्टर माझ्या हातातून घेतलंस आणि स्वतःच बोट फिरवत गेलास. आजवर कॉम्प्युटरच्या जेवढ्या जाणकारांनी आमच्याकडे पाय ठेवला, त्यांनी त्या रजिस्टरकडे 'अजून हे चालवता?' अशा नजरेने पाहिलंय. तू ते मशीनच्या लॉगच्या शेजारी, तितक्याच मानाने उघडं ठेवलंस.

मग टेबलाखाली वाकलास. कॉम्प्युटर यूपीएसवर होता. बाहेरच्या डिस्कचा अडॅप्टर मात्र सरळ भिंतीच्या बोर्डात. लाइट गेली की कॉम्प्युटर चालूच, डिस्क तेवढी बंद. लाइट आली की तीच डिस्क नव्या नावाने हजर. लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव एसडीबी होतं, त्याचं एसडीसी झालेलं. सेटिंगमध्ये एसडीबी लिहिलेलं, म्हणून तिला जोडून कोणी घेत नाही. साडेअकरा वाजतात, स्क्रिप्ट येते, बॅकअपचा फोल्डर तर जागेवर आहे, पण त्याच्यामागे बाहेरची डिस्क नाही. तो कॉम्प्युटरच्याच डिस्कवरचा मोकळा फोल्डर. स्क्रिप्टमधला प्रती उतरवणारा प्रोग्राम, आरसिंक, आमच्या दुर्मीळ ग्रंथांची सगळी स्कॅन तिथे ओततो. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू झाला की डिस्क परत एसडीबी होते, त्याच फोल्डरवर येऊन बसते, आणि खाली ओतलेलं झाकलं जातं. भिंतीतल्या कोनाड्यापुढे कपाट सरकवलं की कोनाड्यातलं सामान दिसत नाही, पण असतं, तसं. जागा अडलेली असल्याने डीएफ ती मोजतो. डीयू मात्र जे दिसतं तेवढ्याचीच बेरीज करतो.

डिस्क सोडवलीस, फोल्डर परत उघडलास, आणि तिथे सगळी स्कॅन दुसऱ्यांदा पडलेली. आम्ही टाळ्या वाजवल्या, तू नाही. उडवण्याआधी मूळ फाइलींशी एकेक ताडून पाहायला लावलंस, आणि ते संपेपर्यंत समोरच्या हॉटेलातला चहा दोनदा आला.

ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी आता पुढचं, थोडक्यात. कोहा ही न्यूझीलंडच्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झालेली, २००० सालापासून वापरात असलेली मोफत प्रणाली. डेबियनवर, म्हणजे आमच्या मशीनवर असलेल्या लिनक्सच्या प्रकारावर, तिचं पॅकेज बसवलं की ती स्वतःचा रोजचा बॅकअप आपणहून घेते, वेगळी स्क्रिप्ट लागतच नाही. मग आमच्याकडे तो का नव्हता? कारण डेबियनमध्ये रोजची कामं सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुटतात. आमचं दार उघडतं आठला, आणि रात्री विजांच्या भीतीने शिपाई मेन स्विच पाडूनच घरी जातो. सहा पंचवीसला आमचा कॉम्प्युटर कधीच जागा नसतो, आणि क्रॉन चुकलेली वेळ भरून काढत नाही. तू अ‍ॅनाक्रॉन बसवलास. तो घड्याळ बघत नाही, आजचं काम झालं की राहिलं एवढंच बघतो, आणि राहिलं असेल तर मशीन चालू झाल्यावर पाच मिनिटांनी उरकून घेतो. चोवीस तास चालणाऱ्या मशीनसाठी लिहिलेल्या सूचना दुपारी बारा ते चार बंद असणाऱ्या वाचनालयाला जशाच्या तशा लावल्या की हे होणारच. हे माझं मत, तुझं नाही.

कोहाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर नेणारी नवी स्क्रिप्ट तू रोजच्या कामांच्या फोल्डरात टाकलीस, आणि तिथे एक गंमत दाखवलीस. नावाच्या शेवटी 'डॉट एसएच' असलं तर तो फोल्डर चालवणारा प्रोग्राम त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही, कारण नावात टिंब चालत नाही. तक्रारही करत नाही. टिंब काढलं की लगेच यादीत हजर. शिवाय कामं नावाच्या वर्णक्रमाने होतात, म्हणून आपल्या फाइलचं नाव 'झेडझेड'ने सुरू केलंस, कोहाचं काम आधी होऊन मगच हिची पाळी यावी म्हणून. वर्णक्रमावर आमचं पोट आहे, त्यामुळे हे मला एकदम पटलं.

बाकीची दुरुस्ती तर बघताबघता झाली. सेटिंगमध्ये एसडीबीऐवजी डिस्कचा स्वतःचा कायमचा क्रमांक, यूयूआयडी. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच डिस्क खरोखर जोडली आहे का याची तपासणी, नसेल तर तिथेच थांब. डिस्क सुटलेली असताना तो मोकळा फोल्डर असा कुलूपबंद केलास की रूटलाही त्यात लिहिता येऊ नये. कोहा जुने बॅकअप दोन दिवसच ठेवत होता, ते चौदा केलेस. आणि अडॅप्टरची पिन भिंतीतून काढून यूपीएसमध्ये लावलीस. एवढ्या सगळ्यात पैसे फक्त चहाचे झाले.

मला वाटलं, संपलं. तू अडगळीतला जुना कॉम्प्युटर मागितलास. त्यावर डेबियन आणि कोहा टाकलास, बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप त्यात ओतलास आणि मला म्हणालास, आता तू शोध. मी आधी शेवटचा दाखल क्रमांक घातला. आला. मग एका सभासदाची थकबाकी, जी मला तोंडपाठ आहे कारण तो रोज समोरून जातो आणि आत येत नाही. तीही आली, रुपयासकट. तेव्हा कुठे तू बॅग भरायला घेतलीस.

आता इकडची खबर. मॉनिटरच्या कडेला तुझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे तशीच आहे: 'तारीख बघ, आकार बघ'. सोमवारी सकाळी मी दोन्ही बघते आणि दैनंदिनीत लिहिते. मधे एकदा आकार वाढायच्या ऐवजी थोडा कमी दिसला, माझ्या पोटात गोळा आला. मग आठवलं, आदल्याच आठवड्यात आम्ही रद्दबातल पुस्तकांच्या नोंदी काढल्या होत्या. तरी जुन्या कॉम्प्युटरवर ओतून पाहिलं, तू शिकवलंस तसं, वही समोर ठेवून. झालं. शिपाई आता मेन पाडण्याआधी विचारतो, "बाई, आजचा झाला काय?" त्याला मी सांगितलेलं नाही, तो तुझं ऐकत उभा होता.

दुसरी हार्ड डिस्क घ्यायची, एक इथे, एक अध्यक्षांच्या घरी, आणि दर आठवड्याला अदलाबदल, ही तुझी सूचना मी सभेत मांडली. "एक आहे ना, दुसरी कशाला?" हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. मी २० बाइटची एक जुनी फाइल जपून ठेवली आहे, ती सगळ्यांसमोर उघडून दाखवली. ठराव मंजूर झाला. डिस्क आली आहे, पण तिच्यावर तूच सांगितलेलं एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय कोणाला वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी, मला एकटीने करायचं धाडस होत नाही. सवड मिळेल तेव्हा फोन कर, मी वही घेऊन बसते.

आईला सांग, तिने मागितलेले दोन्ही दिवाळी अंक काढून ठेवलेत, कोणालाही पाठव.

तुझी,
ग्रंथालयातली काकी