नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी

दि. 3 डिसेंबर 2025

चि. छकुली हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुमचा शर्टांचा कारखाना आता एका वर्षाच्या मुदतीचे नेमणूकपत्र देतो आहे, त्यावर सही करू की नको, असे तू परवा फोनवर घाईघाईत विचारलेस आणि मी ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये तीस वर्षे वह्या लिहिलेल्या माणसाला असा हिशेब फोनवर मांडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या बंद झालेल्या ओव्हरटाइमविषयी. त्याचा राग तू सुपरवायझरवर काढू नकोस. 27 ऑगस्टला, म्हणजे आपल्याकडे गणपती बसले त्याच दिवशी, अमेरिकेने भारतीय मालावरचे आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेले. बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावर ते 20 टक्के आहे. तुम्ही नांदगावपेठेत शिवता त्याच प्रतीचा शर्ट ढाक्याहून एवढा स्वस्त पडत असेल, तर अमेरिकेतला खरेदीदार ऑर्डर तिकडे वळवतो किंवा तुमच्या मालकाला भाव पाडायला लावतो. मालकाला सूत, रंग आणि विजेची बिले काही कमी करता येत नाहीत. त्यामुळे पहिली कात्री ओव्हरटाइमला लागते आणि दुसरी माणसांना.

याच संकटात गिरण्यांना आधार म्हणून आपल्या सरकारने 27 ऑगस्टच्या आठच दिवस आधी, पोळ्याच्या तोंडावर, परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले. ही सूट आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, पुढे ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. आपल्याकडे सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू होते आणि कापूस घरात येतो तो नेमका याच दिवसांत. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि घट. रुई आणि सरकीच्या भावावरून उलटा हिशेब करत कापसाचा भाव ठरतो. ब्राझीलची किंवा अमेरिकेची रुई बंदरात शुल्काशिवाय उतरू लागली की गिरणी जिनिंगला त्याहून जास्त देत नाही आणि जिनिंगवाला शेतकऱ्याला देत नाही. हा उलटा हिशेब मी दुसऱ्यांच्या कापसावर आयुष्यभर केला. यंदा तो आपल्या कापसावर करताना पेन जड झाला, एवढेच सांगतो.

लांब धाग्याच्या कापसाला यंदाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे आणि गावात मेटॅडोर घेऊन आलेला व्यापारी 6,900 रुपयांवर अडून बसला होता. सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचे कापूस महामंडळ, हमीभावाने घेते, पण त्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी आणि कापसात ओलावा 12 टक्क्यांच्या वर नको. 8 टक्क्यांच्या पुढे भाव कापला जातो. पावसाने यंदा कापसाची पऱ्हाटी जशी झोडपली आहे, त्यात कोरडा कापूस आणायचा कुठून? तो सध्या पुढच्या खोलीत पसरला आहे आणि तुझी माय रोज तो खालीवर करते.

वेचणीच्या बायांना आपण किलोला दहा रुपये देतो. त्या बारा मागतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही, कारण असल्या पऱ्हाटीत दिवसभर वाकूनही तीस किलो होत नाहीत. रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये आहे; ते काम गावात चालू असते, तर आम्हाला मुकाट्याने दर वाढवावा लागला असता. ते बंद आहे, म्हणून आमचे दहा रुपये चालून जातात. किमान वेतनाचा कायदा 1948 मध्येच झाला, पण माझ्या धुऱ्यावर तो तपासायला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

म्हणजे आपल्या एकाच घरात तुझ्या कारखान्याला रुई स्वस्त हवी आणि मला महाग हवी. तुझा पगार बंद व्हावा असे मला वाटेल का? पण गिरण्यांना मदत द्यायची होती, तर ती तिजोरीतून द्यायला हवी होती. कापसाच्या भावातून दिली की ती अखेर वेचणाऱ्या बाईच्या दहा रुपयांतून जाते. वऱ्हाडाला हे नवे नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी चालू होती तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसासाठी आसुसल्या होत्या, आणि तिकडची लढाई संपताच इकडचे भाव कोसळले.

आता तुझ्या नेमणूकपत्राविषयी. 21 नोव्हेंबरपासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि जुने 29 कामगार कायदे त्यांत गेले आहेत. मुदतीच्या कामगाराला त्याच कामाच्या कायम कामगाराएवढे वेतन आणि सवलती द्याव्या लागतात, आणि पूर्वी पाच वर्षांनंतर मिळणारी ग्रॅच्युइटी त्याला एका वर्षानंतर मिळते. हे चांगले आहे. भत्ते फुगवून मूळ पगार लहान दाखवण्याची जुनी युक्तीही आता अवघड झाली आहे, कारण भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो आणि पीएफ, ग्रॅच्युइटी त्यावर निघते. यामुळे हातात येणारी रक्कम थोडी घटली, तर घाबरू नकोस. पण ती का घटली, ते लेखी माग.

मला खटकते ती दुसरी बाजू. कारखाना बंद करण्यासाठी किंवा कामगार कपात करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची अट केंद्राच्या जुन्या कायद्यात 100 कामगारांपासून होती, ती आता 300 पासून आहे. तुमच्याकडे दोनशे चाळीस जणी आहेत, असे तूच सांगितले होतेस. शिवाय मुदत संपल्यावर पत्र वाढवले नाही, तर ती कपात धरली जात नाही. तुझ्या आजोबांच्या कार्डावर ‘कायम’ असा शिक्का होता, तरी त्यांची गिरणी बंद पडलीच आणि देणी मिळायला अकरा वर्षे लागली. मात्र त्या शिक्क्यामुळेच त्यांचे नाव देण्यांच्या यादीत राहिले. बदली कामगारांची नावे कुठल्याच यादीत नव्हती.

म्हणून सही कर, पण कामाचे पद, मूळ पगार, मुदतीची तारीख आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर या चार गोष्टी कागदावर असतील, तरच. हजेरीची नोंद स्वतःच्या वहीतही ठेव. सही करण्यापूर्वी पत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो दादाच्या फोनवर पाठव. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे असते, ते मला आधी वाचायचे आहे.

कापसाची गाडी सोमवारी केंद्रावर न्यायची आहे. ओलावा किती भरला, ते कळवीन.

तुझा
बाबा