आईचं बाथरूम

गिरगाव, मुंबई

प्रिय शुभे,

आई बरी आहे, आधी तेवढं वाच. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर आटोक्यात.

दिवाळीच्या साफसफाईत आईने बाथरूम काढलं. कमोडमध्ये आणि भोवतीच्या फरशीवर संडास धुण्याचं लिक्विड ओतलं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, हे तुला काय सांगायचं? लाद्यांच्या सांध्यातला काळेपणा जाईना, म्हणून न धुताच वरून ब्लीच. दार लावून, पाटावर बसून घासत होती. मी आत भाजणी चाळत होते, तेवढ्यात तो वास आला. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी क्लोरीन करून दाखवला होता ना, तोच. (तेव्हा तू मुद्दाम पुढे वाकलीस आणि मागे सरकले म्हणून मला भित्री म्हणालीस. तो राग गेलेला नाही हं.)

दार ढकललं, काखेत हात घालून तिला उठवलं आणि हॉलच्या खिडकीशी आणून बसवलं. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना, आणि त्यातही म्हणते, "अगं, कोपरा राहिलाय." दवाखान्यात बराच वेळ बसवून ठेवलं. या वायूने फुप्फुसाला सूज यायची तर ती काही तासांनंतरही येते, म्हणून. नाही आली.

पण शुभे, मला झोप लागत नाही ती पुढच्या वेळेच्या विचाराने. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो जमिनीलगत साचतो, आणि आपल्या आया घासतात त्या खाली बसूनच. आई म्हणते, "जन्मभर असंच केलं, कधी काही झालं नाही." खोटं नाही ते. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, दारं वरून-खालून उघडी, समोर चौक. वारा सगळं घेऊन जायचा. आता टॉवरमध्ये चार भिंती, वर हातभर झरोका, आणि एक्झॉस्ट फॅन ती बिलाच्या धास्तीने लावत नाही. हात तोच, सवय तीच, हवा तेवढी गेली.

मी दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी शेजारी!

त्यात वहिनी व्हिनेगर घेऊन आली. म्हणे नैसर्गिक आहे, त्याने काही होत नाही. ओट्यावर ओतून ठेवलं. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, आम्ल त्याला खाणारच. पांढुरके डाग पडलेत, आता पॉलिशवाल्याशिवाय जायचे नाहीत. तू लिंबाच्या सालींनी आमचा जुना ओटा घासायचीस त्यावरून आपण किती भांडलो होतो, आठवतं? मीच बरोबर होते. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये पडलं तरी क्लोरीनच सुटतो, म्हणून ती बाटली मी वहिनीला परत दिली. तिला राग आला, येऊ दे.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचे क्लासेस सुरू झाले का? सविस्तर लिही, मी फार घाईत विचारतेय.

आता काम सांगते. आईला तू फोन कर. माझं ऐकत नाही, पण "शुभा केमिस्ट्री शिकवते" हे ती अख्ख्या मजल्याला सांगते. वयाचं काढू नकोस. बाई लावा असंही म्हणू नकोस, बाईसुद्धा त्याच बंद दाराआड बसणार. एवढंच सांग, की एका वेळी एकच बाटली. ती भरपूर पाण्याने धुऊन गेल्यावरच, तेही दुसऱ्या दिवशी, दुसरी. दार उघडं, फॅन चालू. ब्लीच गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्याने त्याचा जोर जातो. आणि लावल्यावर दहा मिनिटं बाहेर येऊन बसायचं. औषधाला काम करायला वेळ लागतो, नाकाला झोंबलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही.

कमी घास मात्र म्हणू नकोस. अर्धं आयुष्य हातात बादली घेऊन सामाईक संडासाच्या रांगेत उभी राहिली आहे ती. स्वतःचं बाथरूम लखलखीत हवं हा तिचा हक्क आहे, तो मला तिच्याकडून काढून घ्यायचा नाही.

रविवारी चारनंतर कर, तेव्हा ती चहा घेऊन निवांत असते. आणि मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.

तुझीच,
मंगल